चढापुरतं इंजिन

जुन्या जिपेत जरा मोठं इंजिन बसवायचं, एवढंच ठरलं होतं. बाकी जे काही झालं ते ठरवून झालेलं नाही, हे मापेसाहेब आजही कोणालाही समजावून सांगायला तयार असतात. ऐकायला मात्र आता फारसं कोणी थांबत नाही.

मापेसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. दुकानदारांचे तराजू, पेट्रोल पंपांची मापं, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या तपासायच्या आणि शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. आपल्या शिक्क्याशिवाय गावात कोणी किलोभर साखरही विकू शकत नाही, असं ते जेवताना अधूनमधून सांगत. घरात कोणी साखर विकत नसल्यामुळे या माहितीचा व्हायचा तेवढा परिणाम होत नसे. त्यांचं खरं नाव सोसायटीत फक्त पोस्टमनला माहीत होतं. बाकीच्यांनी त्यांचे मापेसाहेब करून टाकले होते. त्यात थट्टा किती आणि आदर किती, हे तपासायचं साधन त्यांच्या खात्याकडे नव्हतं.

जीप मूळची सासऱ्यांची. सासरे रस्ते खात्यातून निवृत्त झालेले, आणि गावाबाहेरच्या डोंगरावर जाणारा रस्ता त्यांनी बांधलेला. त्याचा शेवटचा चढ इतका उभा का ठेवला, हे विचारायची त्यांच्या नोकरीत कोणाची छाती झाली नाही आणि निवृत्तीनंतर कोणाला गरज वाटली नाही. चढ संपला की एक विश्रामगृह आहे. दर वाढदिवसाला जिपेतून तिथे जायचं, व्हरांड्यात खुर्ची टाकून आपण बांधलेला रस्ता बघत चहा प्यायचा, हा सासऱ्यांचा नेम. डोळे अधू झाल्यावर त्यांनी जीप थोरल्या जावयाच्या, म्हणजे मापेसाहेबांच्या हवाली केली. धाकटे जावई, म्हणजे मापेसाहेबांचे साडू, तलावाकाठी रिसॉर्ट चालवतात. त्यांच्याकडे दर दोन वर्षांनी नवी गाडी येते, त्यामुळे त्यांना जिपेची गरज नाही असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

गेल्या वाढदिवसाला जिपेने शेवटच्या चढावर मान टाकली. मापेसाहेब, त्यांची बायको आणि वाटेत भेटलेले दोन अनोळखी लोक उतरून ढकलू लागले. सासरे मात्र पुढच्या सीटवर ताठ बसून राहिले. आपण बांधलेल्या रस्त्यावर आपण पायी चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं वजन, मापेसाहेबांच्या खात्याच्या भाषेत सांगायचं तर, प्रमाणित होतं. तेवढ्यात मागून साडूंची गाडी आली. ती ओरडली नाही, तिने धापा टाकल्या नाहीत, काच फक्त चार बोटं खाली आली आणि आतून थंडगार हवेबरोबर आवाज आला, "भाऊसाहेब, मदत लागली तर सांगा हं." काच वर गेली, गाडी पुढे गेली.

व्हरांड्यातल्या चहाच्या वेळी साडूंनी विषय काढला. जीप त्यांच्याकडे दिली तर रिसॉर्टच्या हिरवळीवर चौथरा बांधून ती वर चढवतील, चारी बाजूंनी दिवे सोडतील, येणारे पाहुणे तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतील. "म्हणजे तिचा मानही राहील," साडू म्हणाले.

 सासरे रस्त्याकडे बघतच म्हणाले, "पुढच्या वाढदिवसाला बघू. चढ सुरू झाल्यापासून व्हरांड्यापर्यंत कोणाचाही पाय जमिनीला न लागता गाडी वर आली, तर थोरल्यांकडे राहील. नाही तर धाकट्यांनी घेऊन जावी. ढकलून आणलेली गाडी मला बघवत नाही."

मापेसाहेबांना रात्रभर डोळा लागला नाही, असं लिहायचा मोह होतो, पण ते रोजच्यासारखेच घोरले. सकाळी मात्र दाढी अर्धी ठेवूनच ते खाली जाऊन जीप पुसून आले. ही जीप त्यांना जीव की प्राण होती. ऑफिसात त्यांना लोक घाबरत, घरात लोक सांभाळून घेत, पण रस्त्यावरून जाताना माणसं मान वळवून बघतात ती फक्त जिपेत बसल्यावर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि सासऱ्यांनी दोन जावयांत निवड करून ती आपल्या हाती दिली, हे तर त्यांनी मनात फ्रेम करून लावलं होतं. ती फ्रेम आता साडूंच्या हिरवळीवर जाणार होती.

म्हणून मोठं इंजिन.

सोसायटीत ही बातमी फुटायला जिना उतरण्याइतकाही वेळ लागला नाही. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर ब्रश तोंडात धरूनच बाहेर आले. त्यांच्या मते इंजिन काढणं आणि दाढ काढणं यात तत्त्वतः काही फरक नव्हता. मुळापासून हलवायचं, मग एकदाच ओढायचं. नवं बसवताना मात्र शेजारच्यांना धक्का लागता कामा नये. सेक्रेटरींनी विचारलं, की आवाज किती होईल, कधी होईल आणि त्यासाठी कमिटीची परवानगी घेतली आहे का. कोणी म्हणालं, इंजिनाच्या नादी लागू नका, सासऱ्यांचं वजन कमी करा, ते स्वस्त पडेल. हा सल्ला खरं तर सगळ्यांत व्यवहार्य होता, पण तो सासऱ्यांपर्यंत पोचवायला कोणी पुढे झालं नाही.

मापेसाहेबांची बायको प्रसूतिगृहात मेट्रन. घाबरलेल्या माणसांशी खालच्या आवाजात बोलायची तिला नोकरीचीच सवय. तिने एवढंच विचारलं, "नुसतं इंजिन बदलून भागेल ना? नंतर दुसरं काही निघणार नाही ना?"

"अगं, इंजिन काढायचं, इंजिन बसवायचं. यात दुसरं काय निघणार?"

"आपल्या बाथरूमच्या नळाच्या वेळी पण तुम्ही हेच म्हणाला होतात."

त्या नळाची हकीकत इथे सांगण्यात अर्थ नाही. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी ती सविस्तर जपून ठेवली आहे.

मिस्त्री शोधायला फार फिरावं लागलं नाही. गल्लीच्या टोकाला एक गॅरेज होतं आणि त्याचा मालक 'होऊन जाईल' या दोन शब्दांवर धंदा करत असे. ब्रेक लागत नाहीत? होऊन जाईल. दार बंद होत नाही? होऊन जाईल. कधी होईल? होऊन जाईल. बर्फाच्या कारखान्याचा एक ट्रक मोडीत निघाला होता, त्याचं इंजिन त्याने नजरेत धरून ठेवलेलं होतं. ते बघून डॉक्टरांनी समाधान व्यक्त केलं. आयुष्यभर बर्फ वाहिलेलं इंजिन आहे, ते तापणार नाही, असं त्यांचं निदान होतं.

"बसेल ना पण?" मापेसाहेबांनी विचारलं.

"होऊन जाईल. तरी तुमच्या समाधानासाठी एकदा मापं घ्या, साहेब. तुम्ही त्यातलेच."

मापं म्हटल्यावर मापेसाहेबांच्या अंगात वारं शिरलं. खात्याची पोलादी पट्टी, धाग्याचा ओळंबा आणि खिशात पेन्सिल घेऊन ते रविवारी सकाळी पार्किंगमध्ये उतरले. अर्धी सोसायटी गॅलऱ्यांतून बघत होती. बोनेट उघडून त्याला काठीचा टेकू दिला, आणि त्यांनी इंजिनाच्या खोबणीची लांबी मोजली, रुंदी मोजली, मग पुन्हा एकदा दोन्ही मोजून पडताळून पाहिल्या. मग गॅरेजात जाऊन बर्फाच्या इंजिनाची लांबी-रुंदी मोजली. दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरत होती. ती उरते आहे हे त्यांनी सेक्रेटरींना पट्टी दाखवून पटवलं. सगळीकडे टाळ्या तेवढ्या वाजायच्या राहिल्या.

उंची त्यांनी मोजली नाही. त्याचं कारण अगदी साधं आहे. बोनेट उघडं होतं. उघड्या बोनेटच्या वर आभाळ असतं, आणि आभाळाला इंजिन लागत नाही. तोलामोलाचा माणूस समोर दिसतं तेच मोजतो, असं ते नंतर म्हणाले. कापडवाल्याच्या पट्टीला उंची नसते, हेही म्हणाले.

जुनं इंजिन निघालं आणि पार्किंगमध्ये एका जुन्या सतरंजीवर ठेवलं गेलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी दारात हजर.

"एका सभासदाला एक गाडी उभी करता येते, असा ठराव आहे," ते म्हणाले. "तुमची सध्या एक गाडी आहे जिच्यात इंजिन नाही, आणि एक इंजिन आहे ज्याला गाडी नाही. माझ्या हिशेबाने या दोन वस्तू झाल्या."

"पण दोन्ही मिळून एकच गाडी आहे की."

"मिळून ठेवा मग."

मापेसाहेबांनी या युक्तिवादात खोट शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला, पण ज्या माणसाने आयुष्यभर 'वजन वेगळं, तराजू वेगळा, दोन्हींचा शिक्का वेगळा' असं दुकानदारांना बजावलं, त्याला ती सापडणं कठीण होतं. इंजिन वर घरात आलं. बैठकीच्या खोलीत, टीव्हीसमोर, त्यावर चादर घातली. आलेले लोक त्यावर चहाचे कप ठेवत आणि उठताना कपड्यांना काळं लावून घेत.  बायकोने फक्त चादर रोज धुवायला मापेसाहेबांकडे दिली.

नवं इंजिन खोबणीत उतरलं तेव्हा खरोखरच दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली. मापेसाहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी मान डोलावली. मग मिस्त्रीने काठी काढून बोनेट खाली आणलं आणि ते वीतभर वरच थांबलं. त्याने दाबलं. डॉक्टरांनी दाबलं. सेक्रेटरीसुद्धा कमिटीची परवानगी न घेता दाबून गेले.

"होऊन जाईल," मिस्त्री म्हणाला आणि पत्रेवाल्याला बोलावून आला.

पत्रेवाल्याने बोनेट मधोमध कापलं आणि त्यावर पत्र्याचा एक उंचवटा ठोकून दिला. उंचवटा म्हणणं हा सभ्यपणा झाला. लांबून बघणाऱ्याला वाटे, की कोणीतरी जिपेवर पातेलं पालथं घालून विसरून गेलं आहे. मापेसाहेबांनी त्याला 'वायुवीजनाची सोय' असं नाव दिलं आणि सोसायटीने ते मानलं नाही.

इथे संपलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण बर्फाच्या इंजिनाबरोबर त्याचा गिअरबॉक्स आला होता. तो वेगळा करायचा नाही, जोडीनेच चालतं, असं मिस्त्रीने आधीच सांगितलं होतं, आणि मापेसाहेबांनी मान हलवली होती, कारण गिअरबॉक्स बोनेटखाली नसतो, त्यामुळे तो मोजायच्या कक्षेतच येत नव्हता. तर हा लांबलचक गिअरबॉक्स पुढे मावला नाही तेवढा मागे सरकला. जिपेच्या तळाला भोक पाडून गिअरचा दांडा वर काढला, तो निघाला मागच्या सीटच्या पुढ्यात. चालवणाऱ्याने हात मागे टाकला तर बोटांची टोकं जेमतेम पोचत आणि त्या नादात स्टिअरिंग सुटे.

"याला काय करायचं?" मापेसाहेबांनी विचारलं.

मिस्त्रीने प्रथमच 'होऊन जाईल' म्हटलं नाही. तो म्हणाला, "मागं एक माणूस बसवायचा."

नोंदणी कार्यालयात तपासणीसाठी गाडी न्यावी लागली, ती अर्थातच दोघांनी नेली. मापेसाहेब पुढे, बायको मागे. तिथला अधिकारी गाडीभोवती सावकाश फिरला, आत डोकावला आणि दांड्याला हात न लावता उभा राहिला.

"गिअर चालकाच्या हाताशी पाहिजे," तो म्हणाला.

"हाताशीच आहे. फक्त हात दुसऱ्याचा आहे," मापेसाहेब म्हणाले.

"मग चालक कोण?"

 मापेसाहेबांनी स्वतः आयुष्यात असे प्रश्न शेकडो विचारले होते. काट्याला टेकवलेल्या बोटाचं वजन कोणाच्या खात्यात धरायचं, असं विचारून त्यांनी एका भाजीवाल्याला रडवलं होतं. समोरच्या खुर्चीतून हा प्रश्न इतका वाईट दिसतो, हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटी अधिकाऱ्याला त्यांची दया आली, किंवा जेवायची वेळ झाली. दोन माणसांनी चालवायच्या मोटारीसाठी सदर नव्हतं, पण क्रेनसाठी होतं. तिथे गाडी एक चालवतो आणि दांडे दुसरा ओढतो. दोघांकडे परवाना असला की झालं. बायकोकडे होता. ती स्कूटर आणि प्रसूतिगृहाची व्हॅन कित्येक वर्षं चालवत होती. अशा रीतीने सासऱ्यांची जीप सरकारदरबारी क्रेन झाली आणि मापेसाहेबांनी ही गोष्ट घरी सांगायची नाही असं ठरवलं. बायको सोबतच असल्यामुळे त्याचा उपयोग नव्हता.

मग सराव सुरू झाला. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात मापेसाहेब पुढे बसून हुकूम सोडत, "दुसरा टाक." मागून उत्तर येई, "अजून नको. इंजिन अजून कण्हत नाहीये."

"अगं, चालवतो कोण आहे?"

"क्लच दाबा. आता दाबा. हं."

तिचं बरोबर असे, हे त्यांना कळत होतं आणि म्हणूनच ते चिडत होते. तिला इंजिनाची कळ येते कधी आणि सरते कधी, ते ऐकून समजत असे. मापेसाहेब ऐकत नसत, ते बघत असत. आणि बघायला पुढे होता पत्र्याचा उंचवटा. त्याच्या अलीकडे बोनेट दिसे, पलीकडे समोरच्या इमारतीचा दुसरा मजला दिसे, रस्ता मात्र दिसत नसे. पहिल्याच आठवड्यात वॉचमनची खुर्ची त्यांनी फाटकापर्यंत ओढत नेली. वॉचमन त्या वेळी खुर्चीत नव्हता, हे त्याच्या कामचुकारपणामुळे शक्य झालं, आणि सेक्रेटरींना त्याला दोष द्यायचा की बक्षीस, हे बरेच दिवस ठरेना.

बुडाखाली उशा घेतल्या तर पाय क्लचला पोचत नसत. उशा काढल्या तर रस्ता दिसत नसे. डॉक्टरांनी दवाखान्यातली वरखाली होणारी जुनी खुर्ची देऊ केली, तीसुद्धा बसवून पाहिली. ती वर जाई, पण खाली येताना मागे कलंडे, आणि मापेसाहेब आ वासून आभाळ बघत बसत. शेवटी बाजूच्या खिडकीतून मान बाहेर काढून चालवायचं ठरलं. सपाट रस्त्यावर ते निभत होतं.

वाढदिवसाच्या सकाळी सासरे मापेसाहेबांच्या शेजारी पुढे बसले. बोनेटवरच्या प्रकाराकडे त्यांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा बघितलं. बायको मागे दांड्यापाशी. साडू आणि मेहुणी आपल्या गाडीतून मागोमाग निघाले. पाय कोणाचा कुठे लागतो ते बघायला कोणीतरी मागे असलेलं बरं, असं साडू म्हणाले. त्यांनी रिसॉर्टवर चौथऱ्याचं काम सुरू केल्याचं मेहुणीने आदल्या दिवशी फोनवर सहज सांगून टाकलं होतं. 

इंजिन मात्र खणखणीत होतं. चढाच्या पायथ्याला ते असं गुरगुरलं की सासऱ्यांनी प्रथमच मान वळवून जावयाकडे बघितलं. "ताकद आहे," ते म्हणाले. मापेसाहेबांना एवढ्यानेच भरून आलं. त्यांनी मान खिडकीबाहेर काढली आणि चढाला गाडी घातली.

पहिलं वळण त्यांच्या खिडकीच्या बाजूला होतं, ते निघालं. दुसरं विरुद्ध बाजूला होतं. खिडकीतून त्यांना दिसत होती दरी, आणि रस्ता होता पलीकडे. बायको मागून म्हणाली, "अहो, कठडा." ती ओरडली नाही, त्यामुळे मापेसाहेबांना निकड कळायला क्षणभर उशीर झाला. सासरे ओरडले. कठडा त्यांनी बांधलेला होता. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर, उभ्या चढावर, ब्रेकवर थरथरत थांबली.

मागे साडूंची गाडीही थांबली आणि काच खाली आली. "भाऊसाहेब, उतरताय का?"

मापेसाहेबांनी ब्रेकवरचा पाय आणखी दाबला. पुढे जावं तर रस्ता दिसत नव्हता. उतरून बघावं तर पाय जमिनीला लागणार होता. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. एवढा खटाटोप केला, घरात इंजिन ठेवलं, चादरी धुतल्या, क्रेन झालो, आणि आता सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत हातात काय राहिलं, तर साडूंच्या चौथऱ्यावरचे दिवे.

"हँडब्रेक ओढा," मागून बायको म्हणाली. त्यांनी ओढला. "बाबा, पाय जरा आखडून घ्या. तुम्ही मागे या."

"कुठून?"

"आतूनच. बाबांच्या मांडीवरून."

त्या चढावर पुढच्या मिनिटांत जे घडलं ते घरंदाज माणसांनी बघण्यासारखं नव्हतं. मापेसाहेब सीटवर गुडघे टेकून मागे वळले, सासऱ्यांच्या खांद्याचा आधार घ्यायला गेले आणि हाती त्यांचा कान आला. बायको दोन सीटांच्या फटीतून पुढे येत होती, तिचा गुडघा नवऱ्याच्या पोटात बसला. दोघं मध्यावर अडकली. "तुमचा पट्टा सोडा आधी," ती म्हणाली. "जावईबापू, तुम्ही माझ्या चष्म्यावर बसलात," सासरे म्हणाले. साडू खाली उतरून जिपेखाली वाकून बघत होते, कोणाचा पाय टेकतोय का ते. टेकला नाही. शेवटी मापेसाहेब डोक्याच्या बाजूने मागच्या सीटवर पडले आणि बायको स्टिअरिंगपाशी स्थानापन्न झाली.

तिने समोर बघितलं. "दिसतोय की रस्ता," ती म्हणाली.

आता ही गोष्ट सांगावीच लागते. मापेसाहेबांची बायको त्यांच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच आहे. लग्नाच्या फोटोत ते खुर्चीत बसले आहेत आणि ती शेजारी उभी आहे, आणि त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत हीच व्यवस्था कटाक्षाने पाळलेली आहे. या माणसाने आयुष्यभर जगाची मापं घेतली, पण भिंतीपाशी बायकोच्या शेजारी उभं राहायचं त्याने शिताफीने टाळलं. जीप तिने का चालवू नये, हा प्रश्नही त्यामुळेच कधी घरात आला नव्हता. तो या चढावर आला, आणि उत्तर द्यायला वेळ नव्हता.

"पहिला," ती म्हणाली. मापेसाहेबांनी दोन्ही हातांनी दांडा ओढला. हँडब्रेक सुटला, बर्फाच्या इंजिनाने छाती फुगवली, जीप कठड्यापासून अलगद बाजूला झाली आणि वर निघाली. "थांबा. अजून थांबा." त्यांनी डोळे मिटले. बघण्यासारखं मागे काही नव्हतंच, आणि मिटल्यावर त्यांना प्रथमच ते ऐकू आलं. इंजिन आधी कण्हतं, मग दम घेतं, आणि त्या मधल्या जागेत गिअर लोण्यासारखा बसतो. "हं," ती म्हणाली, पण तोवर दुसरा पडलेला होता. तिने आरशातून एकदा मागे बघितलं आणि पुढचं वळण घेतलं.

व्हरांड्यापुढे जीप थांबली तेव्हा पाचजणांपैकी साडूच तेवढे घामाघूम झालेले होते. ते वाकून बघायला उतरले त्या गडबडीत त्यांची गाडी घसरू लागली होती, आणि मेहुणीने आतून ब्रेक दाबेपर्यंत त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

चहा आला. सासरे खुर्चीत बसले, वाकडा झालेला चष्मा त्यांनी नाकावर सरळ केला आणि रस्त्याकडे बघत राहिले. साडूंनी घसा साफ केला. "बाबा, बोलणं असं झालं होतं की भाऊसाहेब गाडी वर आणतील. आणली ताईंनी. म्हणजे अट तशी..."

"पाय कोणाचा लागला?"

"माझा," साडू नाइलाजाने म्हणाले.

"मग झालं." सासरे थोरल्या मुलीकडे वळले. "गाडी कोणी आणली?"

मापेसाहेबांनी कप खाली ठेवला. आपण आणली म्हणायला जीभ वळत नव्हती आणि आणली नाही म्हणायला मन तयार नव्हतं. बायको चहात साखर ढवळत होती. "मी चालवली," ती म्हणाली. "गिअर यांनी टाकले."

"गाडी तुझ्या नावावर करून टाक," सासरे म्हणाले, आणि त्यांनी दुसरा कप मागितला.

संपलं. इतक्या सहज. मापेसाहेब व्हरांड्याच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिले आणि दरीकडे बघू लागले. जीप घरात राहिली होती, साडूंच्या चौथऱ्यावर जाणार नव्हती, म्हणजे खरं तर ते जिंकले होते. पण ज्या माणसाने ती आपल्या हाती दिली होती, त्याच माणसाने एका घोटात ती काढून दुसऱ्या हाती दिली, आणि तो हात इतका लायक होता की तक्रारही करता येत नव्हती. त्यांना वाईट वाटत होतं. बायकोचा अभिमानही वाटत होता. हा अभिमान तिला कळू नये म्हणून ते आणखी थोडा वेळ दरीकडे बघत राहिले.

निघताना बायको पुढे बसली. मापेसाहेब कोणी सांगायच्या आत मागे जाऊन बसले. सासरे पुढे बसायचं सोडून दार उघडून त्यांच्या शेजारी येऊन बसले आणि दांड्याकडे लहान मुलासारखे बघू लागले. जीप उताराच्या तोंडाशी आली. खाली तो सगळा उभा चढ आता उतार होऊन पसरला होता, आणि ब्रेकच्या भरवशावर तो उतरणं शक्य नाही, गिअर टाकूनच उतरायला हवं, हे रस्ते खात्याच्या माणसाला सांगायला नको होतं.

"मला टाकू द्या की एकदा," सासरे म्हणाले आणि त्यांनी दांड्यावर हात ठेवला.

"बाबा, हात काढा," बायको पुढून म्हणाली. तिने मागे वळूनही बघितलं नाही. "ते त्यांनाच जमतं."

सासऱ्यांनी हात काढला. मापेसाहेबांनी दांडा दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि इंजिन ऐकू लागले.